एका आरतीचा बँड

आमचा रॉक बँड किती टिकला, सांगू? एक आरती! सरोजिनी नगरच्या गणपतीत आम्ही गिटार-ड्रम्सवर आरती सुरू केली आणि मंडळाच्या कुलकर्णी काकांनी सगळ्यांसमोर प्लगच खेचला. "देवापुढे हा काय तमाशा?" घरीही खूप बोलणी बसली. समीरनं ड्रम्स विकून टाकले, मी यूपीएससीच्या मागे लागलो.

यंदा इतक्या वर्षांनी समीरला घेऊन तिथं गेलो यार, तर स्टेजवर नवी पोरं गिटार-ड्रम्ससकट आरती म्हणतायत, बिल्कुल आमच्याच चालीत! शेजारी कुलकर्णी काका टाळ्या वाजवतायत.

"आता दिल्लीतली बाकीची मंडळंसुद्धा आमचं बघून अशीच आरती करतात," काका अभिमानानं म्हणाले. "तुमच्या वेळच्या पोरांना कसं रे हे सुचलं नाही?"

समीर खुर्चीवर ठेका धरून बसला होता. हात थांबवून म्हणाला, "नाही ना सुचलं, काका."