एकाही खान्यात सहाच्या खाली नाई

नाई नाई अण्णाजी, तो कागद तसा नका धरू, उलटा धरला तुमी — अन् घडी बी नका करू त्याची, असे कागद घडी करत नाई — या, अंदर बसा, त्या मिरचीच्या बियाण्याच्या पेटीवर बसा, काई होत नाई तिले. जाम गावावरून आले ना? मंग घाई कायची, वापसची बस चार वाजताशिवाय नाई. हां, आता आयका. पहिली गोष्ट, तुमची पोरगी — सपना ना? — सपना नापास नाई झाली. या परीक्षेत नापास कोणी होतच नाई. कोरा कागद देऊन आला तरी त्याले नापास म्हणत नाई, शून्य म्हणते, अन् तो शून्य बी छापून देते, चांगल्या जाड कागदावर. आता हा सहाचा आकडा — शंभरातून सहा नाई जी तो. नऊतून सहा. तुमी काय बसमध्ये सगळा रस्ता शंभरातून सहा समजून आले? बाप्पा. पाणी घ्या पहिले.

हे पाहा, या इंग्रजीच्या परीक्षेचं — आयल्ट्स म्हणते तिले — सेलूत माह्याइतकं कोणाले समजत नाई. मास्तर लोकायले बी नाई. मी शिकलो किती? दहावी, ती बी दोन खेपेत. पण माह्या पोरीनं, गुंजननं, ही परीक्षा दोनदा देल्ली, अन् दोन्ही खेपेले हैदराबादले तिले मीच घेऊन गेलतो. परीक्षा तिनं देल्ली, बाहेर खुर्चीवर बसून अभ्यास म्या केला. चार खाने राह्यते — आयकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. प्रत्येकाले नऊतून आकडा. मंग चारी आकडे मिळवाचे, चारानं भागाचे, अन् जे येईन ते जवळच्या अर्ध्यावर नेऊन बसवाचं. आता तुमच्या सपनाचं पाहू — आयकण्यात सहा, वाचण्यात साडेपाच, लिहिण्यात साडेपाच, बोलण्यात साडेसहा. किती झाले? साडेतेवीस. चारानं भागले त पावणेसहाच्या थोडं वर. पावणेसहा झाले की गाडी सरळ सहावर जाऊन थांबते. म्हणून इथं सहा लिवलं हाय. समजलं? नाई समजलं तरी चालते, मले बी तीन म्हयने लागले.

पण सहा चांगले का खराब, हे त्या कागदावर भेटत नाई. ते तिकडच्या कॉलेजच्या चिठ्ठीत राह्यते. आणली चिठ्ठी? द्या. आयर्लंड. हां... एकूण सहा, अन् एकाही खान्यात साडेपाचाच्या खाली नको. झालं मंग अण्णाजी, चालते तुमचं. चालते म्हणजे चालते. डोये पुसा. बरोब्बर काठावर उभी हाय पोट्टी तुमची, पण काठाच्या अंदर हाय.

हा जो दुसरा नेम हाय ना — एकाही खान्यात खाली नको — यानंच मले मारलं. म्हणजे गुंजनले. म्हणजे मलेच. सन सातच्या दिवाळीनंतरची गोष्ट. तिचं नागपूरले बीएस्सी झालं, शेतीचं, अन् तिच्या मनात बसलं का स्कॉटलंडले जाऊन बियाण्याचं शास्त्र शिकाचं. मी म्हटलं, बियाण्याचं शिकाले स्कॉटलंडले काऊन, दुकान इथं हाय. पण ठीक हाय, परीक्षा देल्ली. कागद आला — एकूण साडेसहा. कॉलेजले साडेसहाच पाहिजे होते. म्या नऊतून साडेसहाचे टक्के काढले, बहात्तर आले, म्हणजे फर्स्ट क्लास, अन् तसाच उठून सगळ्या बजारात पेढे वाटले. पार बसस्टँडच्या कंडक्टरपर्यंत. आठ दिवसानं स्कॉटलंडचं पत्र आलं का नाई जमत. काऊन नाई जमत? त आयकण्यात साडेसात, वाचण्यात सात, बोलण्यात साडेसहा, अन् लिहिण्यात साडेपाच. तिकडचा नेम काय, त एकाही खान्यात सहाच्या खाली नको. एका खान्यात अर्ध्यानं पोट्टी वापस. अन् बजार माह्ये पेढे खाऊन मोकळा.

लिहिण्यात काऊन गेले, सांगू? एक ग्राफ देल्ला होता, कोण्यातरी देशात शेतीले पाणी किती लागते त्याचा. फक्त काय दिसून राह्यलं तेवढं लिवाचं होतं. हिनं दोन ओळी ग्राफचं लिवलं अन् मंग त्या देशाले सल्ला देल्ला — ठिबक लावा, रात्री पाणी देऊ नका, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तूर टाका. सल्ला कोणी मांगतलाच नव्हता. घरी आल्यावर म्हणे, बाबा, गलती झाली. आता तिची गलती कशी म्हणू? लहानपणापासून या गल्ल्यावर बसून तिनं मलेच पाह्यलं, अन् माह्या दुकानातून सल्ला घेतल्याशिवाय गिऱ्हाईक जात नाई. तुमी बी घेऊन जाल, वांग्याचा द्याचा हाय तुमाले.

तर मंग मी चिडलो. मी म्हटलं, तिकडं लिवून टाक का आयकण्यातला दीड जास्तीचा हाय, त्यातला अर्धा काढून लिहिण्यात टाका, अन् विषय खतम करा. गुंजन हासली. म्हणे, बाबा, तुमी थैलीवरची चिठ्ठी तशी वाचता काय? अन् मले मानाच लागलं, अण्णाजी. कारण खरं हाय ते. ही थैली पाहा. हिले चिठ्ठी शिवली हाय — उगवण किती, शुद्धता किती, ओल किती. उद्या कंपनीवाला म्हणाला, ओल जास्त हाय पण उगवण लय चांगली हाय, एकावर एक सांभाळून घ्या — मी घेईन काय? थैली त्याच्याच गाडीत वापस टाकीन. तसंच हाय ते. प्रत्येक खाना आपल्या पायावर उभा पाहिजे. हे जवा समजलं ना, तवा मले तो स्कॉटलंडवाला मानूस पटला. बियाण्यातला वाटला.

एकच खाना पुन्हा देता येत नाई बरं, चारी द्या लागते. फेब्रुवारीत पुन्हा गेलो हैदराबादले. अन् या खेपेचा हिसोब आयका, आतापर्यंत माह्या दिमागात बसला नाई. आयकण्यात सात, वाचण्यात साडेसहा, लिहिण्यात सहा, बोलण्यात सहा. मिळवा. साडेपंचवीस. पहिल्या खेपेले साडेसव्वीस होते, तवा वापस केली. आता अख्खा एक आकडा कमी आणला, त म्हणते या. भागाकार केला त तोही साडेसहावरच जाऊन बसते. जास्त आणले त नाई, कमी आणले त हो. म्या पेढे नाई वाटले त्या खेपेले, बजारच मांगाले आलता.

आयकण्यात तिले दोन्ही खेपेले जास्त काऊन, माईत हाय? माह्यी बायको, रुख्मिणी, म्हणते का पोरगी वीस वर्ष तुमच्या घरात राह्यली, दुसरं काय येईन तिले. अन् बोलण्यात कमी काऊन, त म्हणे तिची बोलाची पाळीच नाई आली कधी. रुख्मिणीच्या बोलण्याकडे मी ध्यान देत नाई. बोलण्याची परीक्षा म्हणजे एक साहेब समोर बसते, दहा-पंधरा मिनिटं. त्यानं गुंजनले इचारलं, तुमच्या ओळखीच्या एखाद्या दुकानाबद्दल सांगा. तिनं आपल्याच दुकानाचं सांगतलं. म्हणे, बाबा, दोन मिनिटात दुकान संपलं. मले लय वाईट वाटलं जी. हे दुकान दोन मिनिटात संपते काय? मले बसवलं असतं त्या साहेबासमोर त त्यानंच पाणी मांगतलं असतं.

काय? आता कुठी हाय म्हणता? कोण, गुंजन? घरी हाय. म्हणजे — दुकानाच्या मागं घर, तिथंच. सकाळी गल्ल्यावर बसते, दुपारी हिसोब-किताब. गेली नाई. नाई, स्कॉटलंडवाल्यानं बोलावलं होतं, सन आठच्या सप्टेंबरात. पण त्या साली आमच्या हेमराजचं लग्न निघालं — पोरगा माह्या, थोरला — एकुलती एक बहीण भावाच्या लग्नाच्या घरातून कशी जाईन? मंग या साली... या साली पाऊस उशिरा आला, दोनदा पेरणी, दुकानात पाय ठेवाले जागा नाई, गुंजनशिवाय कसं निभलं असतं? मी म्हटलं, कागद कुठी पळून राह्यला काय? दोन वर्ष मुदत राह्यते त्याची. तुमी बी ध्यानात ठेवा, दोन वर्ष, एक दिवस वर नाई.

फेब्रुवारीत संपते आमची. दोन म्हयने राह्यले. पण म्या त्याचा रस्ता पहिलेच काढून ठेवला होता, अण्णाजी. बियाण्याचं कसं राह्यते — चिठ्ठीवरची मुदत गेली त माल फेकत नाई, नमुना पुन्हा तपासाले पाठवाचा, उगवण बराबर निघाली का नवी चिठ्ठी, सहा म्हयने वाढवून. सरकारी नेम हाय. मले वाटलं हे बी तसंच असन. म्या गुंजनले हेच सांगतलं, गणपतीच्या आसपास — घाबरू नको, मुदत गेली त वाढवून घेऊ. तिनं माह्याकडे पाह्यलं, अन् म्हणे, बाबा, माणसाची वाढवून नाई भेटत. पुन्हा चारी खाने द्या लागते, पह्यल्यापासून. एवढंच म्हणाली अन् गल्ल्यावर जाऊन बसली. भांडली नाई. भांडली असती त बरं झालं असतं.

अन् खरं सांगू — हे बजारात नका सांगू — ते जवा ती म्हणाली ना, तवा मले आनंद झाला. लय आनंद झाला. बापानं असं बोलू नाई. लग्न त हेमराजचं दोन दिवसाचं होतं. पाऊस त दरसालच मागंपुढं होते. पण ती गेली त या दुकानात मी बोलू कोणाशी? हेमराज त मोबाईलमध्ये घुसला राह्यते, रुख्मिणी म्हणते डोकं दुखते. ती एकटी आयकते. मान हलवते, हिसोब करत राह्यते, अन् आयकते. एकदा मुदत संपली का पुन्हा परीक्षा ती काई देत नाई, पोरगी घरची घरी, बियाणं आपलं आपल्या कोठीत. असं मी मनातल्या मनात... तुमी काऊन मान खाली घातली?

काय म्हणाले? हळू नका बोलू. सपनानं पाठवलं तुमाले? मले वाटलं बजारात कोणी नाव सांगतलं असन. सपनाले माह्यं नाव कसं मालूम? ... परीक्षेत कोण भेटली? ... सेलूची पोरगी. बाजूच्याच खुर्चीवर. तिनं सांगतलं का कागद आला की माह्या बाबाले दाखवा, ते बराबर समजावते. ... मागच्या म्हयन्यात, हैदराबादले. नाई जी, ती दुसरी कोणी असन. गुंजन मागच्या म्हयन्यात चंद्रपूरले गेलती, मैत्रिणीच्या लग्नाले, तीन दिवस. रुख्मिणीनंच सकाळी उठून दशम्या बांधून देल्ल्या तिले, अन् तिळाची चटणी.

दशम्या. लग्नाले जाणाऱ्या पोरीले कोण दशम्या बांधून देते, अण्णाजी?

तिचा बी कागद आला असन मंग. ... आला. सपनाले फोन केलता तिनं. किती म्हणे? ... सात. नाई, एकूण नका सांगू, लिहिण्यात सांगा, लिहिण्यात किती? ... साडेसहा. मंग कुठीच अडत नाई. सल्ला नसन देल्ला या खेपेले कोणाले. ... अन् जाणं कधीचं हाय? सपनाले सांगतलं असन ना. ... तिले सांगतलं, मले नाई सांगतलं. सांगाले आली बी असन एखांद्या वेळी इथं, गल्ल्याजवळ. मीच काईतरी बोलत असन.

उठू नका. बसा, अण्णाजी. बस गेली त जाऊ द्या, हेमराज सोडून देईन तुमाले जामले, मोटरसायकलनं. ती सपनाले काय काय म्हणाली, ते सगळं सांगा. पह्यल्यापासून सांगा. मी मधात बोलत नाई.