बोटीच्या नाकातली टाकी

माझं गाव कोरीट, नंदुरबार तालुक्यातलं, आणि मला पोहता येत नाही. ताई, ह्या दोन गोष्टी आधीच लिहून घ्या, म्हणजे पुढे माझ्यावर हसायला सोपं जाईल. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीतलं, खोल, काळं, वरून बादलीएवढं दिसणारं. त्यात उतरायचं ते पोहायला नाही, मोटारीचा फुटवॉल काढायला, कमरेला दोर बांधून. फुटवॉल म्हणजे पाइपाच्या तळाला बसवतात ती झडप. पाणी वर जाऊ देते, खाली परत येऊ देत नाही. माझ्या वडिलांचा जन्म ह्याच झडपा बसवण्यात गेला. ते म्हणायचे, पानी एकदाव वर उनं का त्याले माघारी जाऊ देवानं नई, दुसरी अक्कल तुले नई उनी तरी चाली. आणि दुसरी अक्कल खरंच आली नाही, तुम्ही माझ्या बायकोला विचारा, ती लेखी देईल.

पुढे मी नंदुरबारला दुकान टाकलं, फायबरचं काम. टाक्या, संडासाचे दरवाजे, फवारणीचे हौद, सगळं करतो. एका दूधवाल्याला दारात ठेवायला गाय करून दिली होती, पण तिचं तोंड कसं कोण जाणे माझ्या सासऱ्यांसारखं झालं. सासरे त्या रस्त्याने जायचे बंद झाले, दूधवाला मात्र खूश. असा माझा हात चालायचा. पण टाकी माझी गळत नाही, हे मी तेव्हा छातीवर हात मारून सांगायचो.

आता साडू. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, हिरालाल. तापीकाठची केळीची बागायत सोडून ह्या माणसाला सगळं करायचं असतं. कोंबड्या झाल्या, ससे झाले, मग एक दिवस दुकानात येऊन म्हणे, भो, मी बोट लिधी. मी म्हटलं, कसाले? मासा धराले? म्हणे, नई रे, मानसं खेळाडाले. गुजरातेतल्या कुठल्या बंद पडलेल्या रिसॉर्टवरून त्याने जुनी स्पीडबोट उचलली होती. तिच्यावर लोखंडी कमान, कमानीला दोरी, दोरी धरून माणूस मागे फळीवर उभा राहतो आणि बोटीच्या लाटेवर उड्या मारतो. वेकबोर्ड म्हणतात त्याला. ही लाट मोठी उठायची तर बोट जड पाहिजे, म्हणून मागच्या बाजूला पाण्याच्या पिशव्या भरायच्या. पण मागे वजन भरलं की बोटीचं नाक वर. बैलगाडी उलाळ होते ना, मागे ओझं जास्त झालं की धुरा आभाळाकडे, तसं. चालवणाऱ्याला फक्त आभाळ दिसतं, समोर माणूस आहे का लाकूड आहे का डोंगर आहे, कळत नाही. आधीच्या मालकाने पुढे वाळूची पोती टाकली होती, ती कुजून वाळू सगळीकडे. साडू म्हणे, तू नाकमा टाकी बसाडी दे, कायमनी. बटन दाबं का पानी भराई जावाले पाहिजे. मी म्हटलं, टाकी? टाकी तर मन्हा डावा हातना खेळ शे.

तर बोट उतरवली गुजरातच्या बाजूने, आणि नर्मदेच्या धरणाच्या पाण्यातून आणून ठेवली धरणात बुडालेल्या मणिबेलीच्या वरच्या पाड्याखाली. मीही सामान घेऊन तिथे गेलो, आठ दिवस राहिलो. काय सांगू तुम्हाला ताई, मी एवढं पाणी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि आवाज नाही. आमच्या विहिरीत दगड टाकला तरी ती बोलते, हे पाणी बोलत नाही. डोंगर गुडघ्यापर्यंत पाण्यात उभे, आणि मधेच वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले, जसे बुडालेल्या माणसांचे पंजे. मी पहिल्या दिवशी त्यांच्याकडे पाठ करून जेवलो. मग वाटलं, पाठ केली तर ते मागून बघतील, म्हणून तोंड करून बसलो. अशात भूक कुठली लागते, तरी चार भाकरी खाल्ल्या.

बोट चालवायला साडूने ठेवला होता जोमादादा. साठीच्या पुढचा, तिथलाच, घरात भिली बोलणारा, आमच्याशी मराठीत मोजून बोलायचा. एका वळणावर पाणी जरा रुंद होतं, तिथे आला की तो इंजिन बंद करायचा. बोट थोडी आपली आपण जायची, मग पुन्हा चालू. मला वाटलं पेट्रोल वाचवतो. मी विचारलं तर म्हणाला, खाली घर आहे. एवढंच. होतं नाही म्हणाला, आहे म्हणाला. मी उगाच पाय वर घेऊन बसलो.

टाकी मात्र मी मनापासून केली. पुढच्या दोन बैठका उचकटल्या, खालच्या पोकळीच्या मापाची निमुळती टाकी फायबरची ओतून जागेवरच चिकटवली. मग बोटीच्या तळाला भोक पाडलं. पोहता न येणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने बोटीला भोक पाडलं, लिहिलं का? भोकात पाइप बसवला, बाहेरचं त्याचं तोंड पुढच्या दिशेला ठेवलं, पाटात पाइप टाकताना आपण पाणी येतं तिकडे तोंड करतो तसं. वर बॅटरीवरचा छोटा पंप, आणि पाइपात, सांगायला नको, वडिलांची झडप. आत येईल, परत जाणार नाही. हवा जायला एक नळी ठेवली, ती बैठकीखालीच सोडून दिली, बाहेर कशाला काढायची, बोट कुरूप दिसेल. साडू म्हणे, भो, एकदम कंपनीना माल दिखी ऱ्हायना. मी हसलो. ते हसणं आठवलं की आता माझ्याच कानाखाली मारावीशी वाटते.

रविवारी घरची सगळी मंडळी येणार होती. माझी बायको सुमन, तिची बहीण म्हणजे माझी साळी, सासूबाई, दोन्हीकडची पोरं, माझी मुलगी सुद्धा, बारा माणसं पहिल्या फेरीला बोटीत बसणार. म्हणून शनिवारी दुपारी आम्ही तिघं चाचणीला निघालो. ऊन असं की डोंगरांच्या सावल्याही दगडाखाली गेलेल्या. त्या वळणावर जोमादादाने इंजिन बंद केलं. शांतता होती, पंपाचा आवाज नीट ऐकू येईल, म्हणून मी तिथेच बटन दाबलं.

जोमादादा म्हणाला, सांगितलं का?

कोणाला?

खालच्यांना. इथलं पाणी घेताना आम्ही सांगून घेतो. माझी आई हंडा भरतानाही सांगायची.

मी म्हटलं, दादा, पंपाला बटन असतं, तोंड नसतं. साडू खो खो हसला. जोमादादा हसला नाही. त्याने वाकून पाण्याला हात लावला, त्याच्या बोलीत दोन शब्द म्हणाला. पण तोपर्यंत टाकी निम्मी भरली होती.

आणि काय सांगू, नाक बरोबर खाली बसलं. इंजिन चालू केल्यावर लाट अशी उठली की साडूने मला मिठी मारली. त्याच्या पोटावर लाइफ जॅकेटचा पट्टा लागत नव्हता, तो हाताने धरून मिठी. दोन चकरा झाल्या, तीन झाल्या. पंप मी कधीच बंद केला होता. तिसऱ्या चकरेला मला वाटलं नाक जरा जास्तच खाली आहे. चौथीला पुढच्या काठाला पाणी चाटून जायला लागलं. जोमादादाने इंजिन बंद केलं.

तेव्हा तो आवाज आला. टाकीतून. टक. टक. मग थांबून, टक. मडकं विकत घेताना बोटाने वाजवून बघतात ना, पक्कं आहे का कच्चं, तसा. मी म्हटलं, पाणी हेलकावे खात असेल, आत आडवे पडदे टाकायचे राहिलेत. पण बोट हलत नव्हती ताई. पाण्यावर रेघ नव्हती. साडू टाकीच्या आत बोट दाखवून म्हणे, मझार कोन शे? आणि बोट हळूहळू, कोणी न वळवता, वळली आणि तिने त्या वळणाकडे नाक केलं. जोमादादाने क्षणभर इंजिन चालू करून, चाक फिरवून तिला काठाकडे केलं, ती पुन्हा वळली, पुन्हा तिकडेच. मी म्हटलं, वारा असेल. साडूने ओलं बोट वर धरलं. म्हणे, कोठे शे वारा?

मी बैठक उचलली. माझ्या त्या हवेच्या नळीतून पाणी धो धो बोटीच्या पोटात पडत होतं. पंप बंद, वायर मी उपटून हातात घेतली, तरी पाणी चढत होतं. आम्ही पिढ्यानपिढ्या पाणी ओढून वर काढणारी माणसं. पाणी न बोलावता, आपल्या पायाने वर येईल, हे माझ्या बापाच्या स्वप्नातही नव्हतं, तर माझ्या कुठून येणार? टाकी पाण्याच्या रेषेखाली, पाइपाचं तोंड पुढे, बोट पळेल तसं पाणी आत घुसतंय, आणि माझी झडप एकेका थेंबाला आत घेऊन मागे दार लावतेय. खाली थांग नाही. मला पोहता येत नाही, साडूला येत नाही, आणि त्याच्या जॅकेटचा पट्टा लागत नाही.

साडू ओरडला, काय व्हयनं रे भो? मी म्हटलं, मन्ही चूक व्हयनी. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या पटकन म्हटलं.

जोमादादा म्हणाला, दोघं मागे या, अगदी कडेला बसा. मागच्या पिशव्या आधीच भरलेल्या, त्यात आम्ही दोघं, म्हणजे अडीच पोती अजून. नाक थोडं उचललं. पोटातलं पाणी मागे आलं, तिथे बोटीचा मूळचा उपसा पंप होता, तो घरघरायला लागला. मग जोमादादाने इंजिन चालू करून उलटा गिअर टाकला. म्हणाला, पुढे जाऊ तर पाणी घुसेल, मागे मागे जाऊ. आता ही बोट उलटी कधी सरळ जात नाही. आठ दिवस मी बघत होतो, मागे घेतली की डावीकडेच ओढायची, जोमादादा तिला शिव्या द्यायचा. त्या दिवशी तो शिवी देत नव्हता. चाकाला त्याचा हात नुसता टेकलेला. आणि ती आखलेल्या दोरीवरून चालल्यासारखी सरळ मागे येत होती, हळू, नाक त्या वळणाकडे, तोंड न फिरवता. घरातल्या थोरांसमोरून माणूस पाठ न दाखवता निघतो, तसं आम्ही निघालो. आणि पुढून टक. टक. काठ लागला तेव्हा आवाज थांबला.

मी टाकीचं झाकण फोडलं. आत फक्त पाणी. पण हात घातला तर थंड, आमच्या विहिरीच्या तळासारखं, आणि बाहेरचं पाणी तर उन्हाने कोमट झालेलं. वास आला तो नुकत्याच सारवलेल्या जमिनीचा. मी साडूकडे पाहिलं, त्यालाही आला होता, तो तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होता. मी पंप लावायला गेलो तर जोमादादा नको म्हणाला. त्याने तांब्या घेतला आणि एकेक तांब्या करून सगळं पाणी परत ओतलं. दोन तास लागले. आम्ही बसून राहिलो. मदत करू का विचारायची मला लाज वाटली.

मग साडू मला बाजूला घेऊन म्हणाला, भो, उद्या मानसं येतीन. टाकीनं नाव काढू नको. सांगू का ती जागाच खराब शे, बुडेल गावमा काही तरी शे, म्हनीसन बोट दुसरीकडे चालाडू. सगळासले पटी. आणि खरं सांगतो ताई, मला ते गोड वाटलं. माझी चूक झाकली जात होती, कारागीर म्हणून नाव राहत होतं, आणि पटण्यासारखं होतंच, मी स्वतः ऐकलं होतं. मी मान हलवणार होतो. तेवढ्यात जोमादादा रिकामा तांब्या घेऊन आला. त्याने ऐकलं होतं. रागावला नाही. म्हणाला, तिथे माझी आई आहे, खराब काही नाही. भोक तुम्ही पाडलं.

रविवारी बारा माणसं आली, डबे, टोप्या, सासूबाईंच्या पायात नवीन बूट. मी सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि म्हटलं, आज कोणी बसायचं नाही. चूक माझी आहे, झडप मी चुकीची लावली, काल आम्ही तिघं बुडत होतो. आवाजाचं, वासाचं काही बोललो नाही. साळी रागावली, पोरं रडली. सुमन एवढंच म्हणाली, तरी बरं, गायीचं तोंडच चुकलं होतं तवर हसू येत होतं. पण परतताना गाडीत तिने माझा हात सोडला नाही.

नंतर मी ते सगळं काढलं. पाइपाला आता हाताने बंद करायचा कॉक आहे, तोंड मागच्या बाजूला, हवेची नळी बाहेर, टाकीत तीन आडवे पडदे. माहीतगार माणसाकडून तपासून घेतलं, तेव्हाच बोट पुन्हा चालू झाली. परवा मुलगी फळीवर उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली. मी मागे कडेला बसलो होतो, जॅकेट गळ्यापर्यंत, डोळे मिटून. टाकी भरायच्या आधी मी काही म्हणत नाही, माझा तिथे काय हक्क, ते जोमादादाच म्हणतो, मी बटनावरचं बोट धरून थांबतो.

आवाज? नाही, परत आला नाही. आला असता तरी तुम्हाला सांगितलं असतं का, ठाऊक नाही. लोक विचारतात, भुताची बोट ना ती? मी म्हणतो, नाही, माझ्या मूर्खपणाची. खालच्यांना खाली निवांत राहू दे, वरच्यांना काठ मिळू दे, एवढंच मागणं आहे. चला, चहा निवला तुमचा.