बरणीतला तुकडा

—नाही मॅडम, आज नाही देणार. ही सिलिकॉनची नळी मऊ आहे, पंपात छान दबते, सब सही. पण तुम्ही तीव्र सल्फ्युरिक ॲसिड म्हणताय—त्यात ती टिकत नाही. टेफ्लॉन? टिकेल की, पण कडक, तुमच्या पंपाचे रोलर तिला दाबणार कसे? ही काळी घ्या, फ्लोरोरबरची. पण तीही आज नाही. तुम्ही आणलंय त्या ॲसिडात तुकडा दोन दिवस बुडवायचा, फुगला का, चिकट झाला का बघायचं, मगच द्यायची—ही या दुकानाची रीत. माझी कसली, माझ्या बायकोची, प्रमोदिनीची. कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये होती ती. घाई आहे? असते हो. मलाही होती.

मंगळवार होता. गिऱ्हाईक आलेल्या एका भियाला माशांच्या टाकीसाठी नळी कापून देत होतो, तो म्हणत होता, ‘मछली फ्री में दोगे क्या?’—मी हसतोय आणि कॉलेजमधून फोन. नळी फुटली, प्रमोदिनी मॅडमच्या हातावर ॲसिड उडालं. उजवा हात, कोपरापर्यंत. नळी माझ्याच दुकानातली, ही सिलिकॉनचीच—पुरवठादार म्हणाला होता, ‘चलेगा.’ म्हणून तर बुडवून बघायची असते ना!

चौकशी झाली. पंप फार वेगात चालवला, असं लिहिलं त्यांनी. तिनं डाव्या हातानं सही केली. घरी येऊन म्हणते, “नळी तुम्ही बुडवून बघितली होती, म्हणजे चूक माझीच.” मी तिच्यासाठी पोळीचे तुकडे करत होतो, तिची बोटं मिटत नव्हती.

बघितली होती—मी? ॲसिड तिनंच आणून दिलं होतं, असंच. मी बरणीत ओतलं, वर तारखेची चिठ्ठी चिकटवली. तुकडा टाकायचा राहिला. गर्दी होती दुकानात—छे, कसली गर्दी, विसरलो. दोन दिवसांनी तिनं विचारलं, “टिकली ना?” बरणी समोर होती, आत नुसतं ॲसिड. आणखी दोन दिवस थांब म्हणायची लाज वाटली मला. म्हटलं, टिकली. एवढंच. एवढ्याशा लाजेपायी.

नोकरी सोडली तिनं. चहा सांडला तरी म्हणायची, “बघा, माझा हातच असा.” चार वर्षं. मी म्हणायचो, असू दे गं. असू दे! काय मोठेपणा माझा. मागच्या श्रावणात गेली—नाही नाही, त्यानं नाही, तापाचं निमित्त झालं. हॉस्पिटलात त्याच हाताला तेल चोळत बसायचो. दोघंच असायचो खोलीत. रोज ठरवायचो, आज. मग ती म्हणायची, “दमलात, घरी जा,” आणि मी जायचो.

अशा बघू नका माझ्याकडे. हा घ्या तुकडा, तुम्हीच टाका बरणीत. दिसतोय ना बुडालेला? झाकण मी लावतो. परवा या आणि तुम्हीच काढून बघा, माझ्या शब्दावर जाऊ नका. बस, निघा आता, पाच वाजले.

तिला मी सांगितलं नाही.