राजा ‘येतो’ म्हणून गेला

हिंगणघाटच्या बसस्टँडवर गाडीची वाट बघत बसलेल्या शकुंतलाबाईंच्या बाकावर दोघं येऊन बसले. जादूच्या कादंबऱ्या लिहिणारे पुंडलिकराव, आणि त्यांच्या कादंबरीवर व्हिडिओ गेम करणारा पुण्याचा डायरेक्टर सलील. सकाळपासून वाद घालून दोघांचे आवाज पार बसलेले.

“सर, शेवटचं सांगतो. मरताना राजा ‘येतो मी’ म्हणतो, तेवढं बदला.”

“काऊन?”

“खेळणारी पोरं गडाच्या दारात थांबून राहतात. त्यांना वाटतं, राजा परत येणार. गेम पुढे सरकतच नाही.”

“थांबू दे न.”

“‘जातो’ लिहा ना. एका शब्दाचा तर प्रश्न आहे.”

“आमच्या घरी कोणी ‘जातो’ म्हणत नाई, बाप्पा. माहा बाप दवाखान्यात जातानी ‘येतो’च म्हणला होता.”

“मग?”

“मंग काय. मायनं वर्षभर फाटकाले कडी नाई लावली.”

“तेच म्हणतोय मी, सर. माणसं अडकून पडतात.”

“थे पाय, तुही नागपूरची गाडी लागली.”

सलीलनं सुस्कारा टाकून बॅग उचलली.

“बरं सर, जातो मी.”

शेजारी सगळं ऐकणाऱ्या शकुंतलाबाईंच्या तोंडून निघूनच गेलं.

“अरे बाबू, येतो म्हण!”