नावानं हाक

बारामतीच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं इंदापूर गाडीची वाट बघत होतं. दोघं दुपारचं नाटक बघून आली होती.

“अगं, दोनच तर माणसं नाटकात. त्यातली बायको मेली, मग परत कशी आली?”

“नवऱ्यानं नावानं हाक मारली म्हणून आली.”

“हाकंला मेलेलं माणूस येतं व्हय?”

“नाटकात तरी आली.”

“मला काय उमजंना. मी मेल्यावर तू काय म्हणून हाक मारशील? माझं नाव तर घेत न्हाईस.”

“अहो म्हणीन.”

“तितं समद्यांचेच नवरे असणार. अहो म्हणल्यावर सगळेच वळून बघतील.”

“बघू द्यात. आन् मीच आधी गेले तर?”

“तर काय?”

“माझं नाव ध्यानात हाय न्हवं तुमच्या?”

“अगं, गाडी लागली. चल.”