सायकल एकच, पण जाते सगळीकडे

नाही, पण मला एक सांगा… मडगार्ड नसलं म्हणून सायकल काय सायकल राहत नाही? आं? माझी नवीकोरी सायकल व्हरांड्यात उभी, बाजूला मी बक्षीस मिळाल्यासारखा उभा, आणि आमचे बाबा खुर्चीतून उठले, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, सायकलीभोवती सावकाश एक फेरी मारली, टायर दाबून बघितलं, हँडलकडे बघून नाक मुरडलं… मला वाटलं, आता 'छान' म्हणतील, निदान 'जपून चालव' तरी म्हणतील… तर म्हणाले, "मडगार्ड कुठाय?" बस्स! आणि परत खुर्चीत!

अहो, मडगार्ड! ज्या सायकलीसाठी मी वर्षभर झुरलो, तिला मडगार्ड! तुम्हाला सांगतो, ती काही दुकानातून उचलून आणलेली सायकल नव्हती, बांधून घेतली होती, माप देऊन, शर्ट शिवतात तशी! मोबाइलवर ते व्हिडिओ असतात बघा… एक दाढीवाला, खाली वळलेल्या हँडलची सायकल, मागेपुढे पिशव्या, डांबरी रस्ता संपला तरी हा चालूच, खडी आली, चालूच, ओढा आला, तरी चालूच… आणि शेवटी डोंगरावर तंबू ठोकून एकटाच कॉफी पितो. एकटाच! ना ऑफिस, ना फोन, ना "अहो, येताना गॅसचं बघा". मी ठरवलं, आपणही असं जायचं. दाढी नीट येत नाही, हरकत नाही, सायकल तर येईल!

तर असल्या सायकली बांधणारा एक माणूस आहे आमच्याकडे. सगळे त्याला डॉक्टर म्हणतात, कारण तो पांढरा ॲप्रन घालतो आणि समोरच्याचं काही ऐकून घेत नाही. मी गेलो तर म्हणाला, "काका," - काका म्हणाला मला! केस काळे करून गेलो होतो हो मी! - "काका, रस्त्याची वेगळी, डोंगराची वेगळी, सामानाची वेगळी, असल्या भानगडीच नकोत. ही सायकल एकच, पण जाते सगळीकडे!" आणि टेबलावर अशी थाप मारली, की नट आवळायचे पाने खाली पडले. मी खल्लास! घरी येईपर्यंत तोंडातल्या तोंडात तेच… सायकल एकच, पण जाते सगळीकडे!

मग काय, सुरू! फ्रेम स्टीलची, कारण तुटली तर कुठेही वेल्डिंग होतं… आता ती डोंगरावर तुटेल तेव्हा वेल्डिंगवाला तिथं काय करत असेल, हे मी विचारलं नाही. टायर जाडजूड. ब्रेक तबकडीचे, मोटारसायकलला असतात तसे. फोर्कला, फ्रेमला, जिकडे तिकडे स्क्रूची भोकं, हवं ते लावा! हँडल रेसच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, पण टोकं बाहेर फाकलेली, त्यानं म्हणे खडीवर तोल राहतो. मी वाकून धरून बघितलं. तोल राहिला, पण माझं पोट आणि माझे गुडघे यांची त्या दिवशी पहिल्यांदा ओळख झाली! आणि मग डॉक्टर म्हणाला, "मधली दांडी उतरती ठेवतो. हल्ली सगळे उतरतीच ठेवतात, पाय टाकायला सोपं जातं." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नको, आडवी." "आडवी? का?" "आडवीच." का ते मलाच माहीत नव्हतं हो! तो म्हणाला, "सायकल तुमची, गुडघे तुमचे." आणि लागला कामाला.

आणि अशी ती सायकल घरी आली, तर "मडगार्ड कुठाय?"

आता तुम्हाला आमच्या बाबांचं सांगायलाच पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल, म्हातारा खवचट आहे. म्हणजे आहेच, पण त्याचं एक शास्त्र आहे. आमच्या बाबांनी जन्मात कधी कुणाकडे काही मागितलं नाही. मागत नाहीत, नावं ठेवतात! चहा हवा असला तर 'चहा कर' नाही म्हणणार, म्हणणार, "शेजारच्यांकडे चहा कसा वेळेवर होतो." थंडी वाजली की, "या खिडक्या कुठल्या सुतारानं बसवल्या कोण जाणे." आई होती तोवर काही अडलं नाही. बाबांनी खिडकीला नाव ठेवलं, की ती न बोलता शाल आणून द्यायची. ती गेली, आणि बाबांची भाषा कळणारं घरात कुणी उरलंच नाही. आम्ही आपले वेडे, खिडक्या दुरुस्त करत बसलो!

बाबा पाणीपुरवठ्यात होते, पंपघरावर. सगळ्या गावाचं पाणी त्यांच्या हातून जायचं. पंपघर गावाबाहेर, कालव्याच्या कडेला. पुलापर्यंत डांबरी रस्ता, पुढे खडी, आणि मग कालव्याच्या बांधावरची मातीची वाट, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बाभळी. बाबांची काळी, अवजड सायकल. सुट्टी असली की मला घेऊन जायचे. मी पुढे दांडीवर, दांडीला टॉवेल गुंडाळलेला, कारण खडी आली की दांडी जी लागायची… कुठे लागायची ते सांगत नाही, मंडळीत बायका आहेत. घंटी वाजवायचं काम माझं. बाबांची हनुवटी माझ्या डोक्यावर, शर्टाला ग्रीसचा आणि साबणाचा वास, आणि मी बोलतोय, बोलतोय, बोलतोय… आता कसा बोलतोय, तसाच! आणि वरून बाबांचा आवाज, "अरे, श्वास घे."

पंपघरात गेलो की ते माझा हात धरून त्या मोठ्या पाइपवर ठेवायचे. आत पाणी धावत असायचं, पाइप थरथरायचा, थंडगार. बाबा म्हणायचे, "कळतंय? हे पाणी आत्ता तुझी आई भरून ठेवणार." आणि मला खरंच वाटायचं हो, की हे पाणी बाबांनी फक्त आईसाठी सोडलंय, आणि बाकीचं गाव आपलं मधल्यामध्ये पिऊन घेतंय!

तर ती सायकल बाबांनी म्हातारपणापर्यंत चालवली. मग आई गेली, मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि आमच्या ताईनं फोनवरून हुकूम सोडला, "बाबा, सायकल बंद म्हणजे बंद!" ताईपुढे कुणाचं चालत नाही. दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतःच सायकल पुसली, तेल घातलं आणि दूधवाल्याला देऊन टाकली. तेव्हापासून व्हरांड्यातली खुर्ची. फाटकापर्यंत जायचं, कडी नीट लागलीय का बघायची, परत यायचं. झाला फिरण्याचा कार्यक्रम! कारनं नेतो म्हटलं, तर बांधावर कार जात नाही. दुसरीकडे कुठे नेतो म्हटलं, तर "मी काय पार्सल आहे?" रोज थोडे थोडे आक्रसत चालले होते बाबा. मला ते दिसत होतं, आणि काय करावं कळत नव्हतं. खरं सांगतो, त्या दाढीवाल्याचे व्हिडिओ मी एवढे का बघायचो, तर घरात ती खुर्ची बघवत नव्हती.

असो. मडगार्ड! नेली सायकल डॉक्टरकडे, बसवली मडगार्डं, आणली घरी. बाबांनी एक फेरी मारली. "कॅरिअर नाही."

परत डॉक्टर! म्हटलं, "कॅरिअर लावा." तो असा बघायला लागला, जणू मी त्याच्या मुलीला मिशा लावायला सांगतोय. "काका, हिला पिशव्या लावतात. कॅरिअर नाही." म्हटलं, "एवढी भोकं आहेत ना?" म्हणाला, "भोकं आहेत म्हणून काय वाटेल ते टांगायचं?" शेवटी बसवलं एक नाजूक, ॲल्युमिनियमचं. घरी आणलं, बाबांनी त्यावर दोन्ही हात टेकून सगळा भार टाकला आणि म्हणाले, "हे वाकेल." परत डॉक्टर! आता जाड पाइपचं, वर पत्रा, वेल्डिंग करून! डॉक्टर ठिणग्या उडवता उडवता ओरडतोय, "काका, यावरून काय सिमेंटची पोती नेणार आहात?" मी म्हटलं, "अरे, तूच म्हणालास ना, सायकल एकच, पण जाते सगळीकडे? मग पोतं घेऊन जाईल!"

तरी संपलं नाही! बाबा म्हणतात, "उभी कशावर राहते ही? भिंतीवर?" लावलं स्टँड, दोन पायांचं, दणदणीत. "समोरच्याला आपण येतोय ते काय शिट्टी वाजवून सांगणार?" लावली घंटी. त्या वळणदार हँडलवर घंटी! रेसच्या घोड्याच्या गळ्यात बैलाची घंटा! मग म्हणाले, "कॅरिअरचा पत्रा फार गार असतो." आता मला सांगा, पत्रा गार असला तर पिशवीला काय सर्दी होणार आहे? तरी लावली उशी. डॉक्टरनं तर आता मान वर करून बघणंही सोडून दिलं होतं, मी दिसलो की नुसता म्हणायचा, "आज काय म्हणाले?" बांधलेल्या सायकलींचे तोही व्हिडिओ काढतो, माझ्या सायकलीवर मोठा निघणार होता, तो रद्द केला त्यानं.

आणि एक दिवस बाबा म्हणाले, "पाय कुठे ठेवायचे, याचा काही विचारच केलेला नाही लोकांनी."

झालं! मी उखडलो. स्वयंपाकघरात जाऊन बायकोसमोर सगळं काढलं. "अगं, काय चालवलंय यांनी? एक वस्तू आवडीनं केली आयुष्यात, तर मडगार्ड नाही, कॅरिअर वाकतं, पत्रा गार, पाय कुठे ठेवायचे… काय वाकडं केलंय त्या सायकलीनं यांचं?" बायको कुकरला शिट्टी लावत होती. तशीच पाठमोरी म्हणाली, "अहो, ते नावं नाही ठेवत तुमच्या सायकलीला."

"मग काय करतात?"

"जागा धरताहेत."

तुम्हाला सांगतो… मी खालीच बसलो, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर. गाडीत रुमाल टाकून जागा धरतात ना माणसं, तसे बाबा महिनाभर माझ्या सायकलीवर एकेक वस्तू टाकून जागा धरत होते! चिखल उडू नये म्हणून मडगार्ड. वजन पेलावं म्हणून जाड पाइप. बसताना डळमळू नये म्हणून स्टँड. उशी. आणि आता पाय! आईनंतर पहिल्यांदाच कुणीतरी बाबांचं बोलणं बरोबर ऐकलं होतं, आणि मी स्क्रू मोजत बसलो होतो. मला तिथंच रडू आलं. बायको म्हणाली, "रडा नंतर. आधी पाय ठेवायचं बघा."

डॉक्टरला सांगितलं, कॅरिअरवर कोण बसणार आहे ते. पठ्ठ्या लगेच कामाला लागला. पाय ठेवायला दोन खुंट्या केल्या, त्यांना रबर बसवलं, आणि मला न विचारता सीटखाली मागच्या माणसाला धरायला एक मूठ लावून दिली. वर म्हणाला, "मूठ माझ्याकडून. आणि काका… हळू."

ताईला आम्ही सांगितलंच नाही.

निघालो. मी पुढे, ते रेसचं हँडल धरून. मागे बाबा, कानटोपी, मफलर, हातात काठी आडवी धरलेली. बायको फाटकात उभी, एक हात तोंडावर. पुलापर्यंत डांबर, काही नाही. मग खडी. मी म्हटलं, "बाबा, ठीक ना? लागत नाही ना? थांबू का? टायरमध्ये हवा मुद्दाम कमी ठेवलीय, म्हणजे धक्के कमी बसतात, आणि हे ब्रेक असे आहेत ना, की…" मागून आवाज आला, "अरे, श्वास घे."

तेव्हा मला कळलं, ती दांडी मी आडवी का मागितली होती.

पंपघराला आता कुलूप. आत सगळं आपोआप चालतं, माणूस लागत नाही. पण पाइप तोच, कुंपणाबाहेरून जाणारा. बाबा उतरले, काठी माझ्याकडे दिली, आणि पाइपवर हात ठेवला. मीही ठेवला, शेजारी. आत पाणी धावत होतं. बाबा म्हणाले, "हे पाणी आत्ता…" आणि थांबले. मला वाटलं, मी काहीतरी बोलावं, आणि नेमकं तेव्हाच मला काही सुचेना! मग त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाले, "सूनबाई आत्ता डाळ धुवायला घेणार."

परत येताना घंटी वाजवली नाही म्हणून मला बोलणी खावी लागली. आणि फाटकात उतरता उतरता म्हणाले, "लोक सकाळी लवकर निघतात, तेव्हा ऊन नसतं." समजलो! आता मीही शिकलोय थोडं थोडं.

तेव्हापासून रोज! डोंगर राहिला, तंबू राहिला, एकट्यानं कॉफी राहिली. डॉक्टर भेटला की विचारतो, "काका, कुठं कुठं जाऊन आलात?" काय सांगू? सायकल एकच, पण जाते सगळीकडे… आणि आमची रोज एकाच ठिकाणी जाते! पण बाबांच्या गालावर रंग आलाय, चालणं सुधारलंय, गुडघ्याचा डॉक्टरसुद्धा चकित झालाय, खरा डॉक्टर. ताईला वाटतंय, तिनं पाठवलेल्या गोळ्या लागू पडल्या.

सगळं कसं छान चाललं होतं. आणि काल सकाळी निघताना बाबांनी सायकलीभोवती सावकाश एक फेरी मारली. चष्मा नाकावर. मी म्हटलं, आता काय? तर पुढच्या सीटवर थाप मारून म्हणाले, "ही सीट जरा उंच वाटते."

कळलं ना? मलाही कळलं. लगेच. मुकाट्यानं फोन लावला डॉक्टरला. म्हटलं, "सीट खाली घ्यायची आहे, आणि कॅरिअरवरची उशी मोठी करा… मागे बसणारा बदलतोय."