गुरुवारचा शिवणक्लास

माझं माहेर दौलताबादचं, किल्ल्याच्या खालीच घर, बाप सीताफळं-पेरू घेऊन रस्त्याला बसायचा, अन् नववं वरीस लागायच्या आतच मी मिश्री घासायला लागले. आता तुम्ही म्हणाल ही बाई कुठून सुरू करायलीय, पण काय सांगू तुम्हाला ताई, सगळं तिथूनच सुरू होतंय. दाढ दुखायची माझी. आईनं तव्यावर तंबाखू भाजली, चुरली, बोटानं लावली, म्हणली घास, थांबतंय. थांबलं बी. मग ती दाढ पडून गेली, मिश्री काय गेली नाय. आमच्यात त्याला कुणी नशा म्हणलं नाय कधी. नशा म्हणजे गड्यानं दारू पिऊन नालीत पडायचं, बाईची मिश्री म्हणजे दात घासणं, बस.

लग्न करून शहरात आले, तवा औरंगाबाद म्हणायचे, आता संभाजीनगर, माझ्या तोंडात दोन्ही येतंय. मालक वाळूजला कंपनीत. मी मशीन घेतली, ब्लाऊज, परकर, फॉल-पिको, सगळं करू लागले. एकच लेक, मंदा, तिला देवगाव रंगारीला दिली. तिची दाढ दुखली तवा म्या काय केलं, तर तव्यावर तंबाखू भाजली. ही गोष्ट पन्नाशी ओलांडेस्तोवर मी कुणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखी हाय असंच वाटलं नव्हतं.

तर निशा. निशा आमच्याच गल्लीतली, कॉलेजला जाते. तिला मधी खोकल्याच्या औषधाची सवय लागलेली, पोरं त्याला पातळ औषध म्हणतात, बाटलीच्या बाटली प्यायची अन् घरच्यांना वाटायचं पोरीला खोकलाच लई. सुटली बिचारी त्यातून, लई हाल झाले पण सुटली. एक दिवस आली अन् म्हणली मावशी, गुरुवारी दुपारी तुमची खोली देता का. मी म्हणले कशाला गं. तर विहारात पोरांची बैठक आधीपासून चालायची, कोण काय खातंय, कसं सोडायचं, एकमेकाला सांगायचं. पोरींना बी बोलावलेलं. पोरी भिंतीला टेकून बसायच्या अन् तशाच उठून यायच्या, कारण समोर कुणाचा भाऊ, कुणाचा चुलतभाऊ. पोरगा उठून म्हणला मी बटन खायचो, झोपेच्या गोळीला बटन म्हणतात ती, तर लोक टाळ्या वाजवतात, शाब्बास म्हणतात. तेच पोरीनं म्हणलं तर कॉलेज बंद, अन् जो मिळंल त्याच्या गळ्यात बांधून मोकळे. म्हणून निशा म्हणली आपलं वेगळं पाहिजे, पोरीपोरींचं, अन् घरी सांगायचं शिवणक्लास हाय. शिवणक्लासला कोणती आई नाय म्हणती.

मी व्हय म्हणले, अन् तवापासून माझ्या जिवाला घोर. सहा पोरी यायच्या. दार लावायचं. इथलं बोलणं इथंच ठेवायचं. अन् मशीन चालू ठेवायची, हा माझा जिम्मा. खाली कापड नाय, वर दोरा नाय, रिकामी मशीन मी पायानं चालवत बसायची, म्हणजे पोरींचा आवाज गल्लीत जात नाय. पाऊल वाजलं की मी जोरात चालवायची. एकदा निशा म्हणली मावशी, तुमचं बी सांगा की. मी म्हणले माझं काय, मी काय नशा करते का. पोरी माझ्या काळ्या दाताकडं बघायला लागल्या. त्या दिवशी मंदाच्या दाढेचं बोलले मी पहिल्यांदा. लई रडले. तवापासून मी बी त्यांच्यातलीच.

आता रुपाली. तिचं नाव मी बदललंय, तुम्ही बी तेच लिहा. क्रांती चौकाकडं कापडाच्या दुकानात दिवसभर उभी राहायची, पाळीत पोट दुखलं तरी बसायला स्टूल नाय, बरोबरच्या पोरीनं गोळी दिली, एकीच्या दोन झाल्या, मग तिच्याबिगर दिवस जाईना. आमच्याकडं आली तवा सुईत दोरा ओवता येत नव्हता तिला, हात असे थरथरायचे. निशानं तिला घाटीत, सरकारी दवाखान्यात, डॉक्टरकडं नेलं, गोळी थोडी थोडी कमी करायची म्हणून. हे घरी कळलं असतं तर मामाच्या पोराशी लग्न ठरलेलंच होतं म्हणा.

अन् चूक माझी झाली. घरी दाखवायला काहीतरी पाहिजे, म्हणून पोरींच्या नावानं अभ्रे, पिशव्या मीच शिवून द्यायची. आता माझा हात इतक्या वर्षांचा, मला वाकडं शिवताच येत नाय. शिवणीवर शिवण सरळ, काठ बघा तर काठ. आया खूश. अन् एक दिवस रुपालीची आई संगीता ब्लाऊजपीस घेऊन दारात. म्हणली मावशी, सहा महिने झाले, पोरगी पटाईत झाली तुमच्या हाताखाली, आता माझा ब्लाऊज तीच शिवणार, अन् येत्या गुरुवारी मी समोर बसून बघणार.

आठ दिवस नीट जेवले नाय मी. गुरुवार उजाडला. संगीता आली, ऐसपैस बसली. निशानं सगळ्यांना कागद कापायला दिलेला. रुपाली मशीनवर बसली. दोरा एकदा सुटला, दोनदा सुटला, तिसऱ्यांदा तिनं सुईला हात लावायच्या आधीच बोटं थरथर कापायला लागली. संगीता म्हणली, हात का गं कापतात तुझे.

पोरीचं मी सांगू शकत नव्हते, शब्द दिलेला. अन् ती समोर मरायलीय बसल्या जागी. मग मी म्हणले संगीता, हा शिवणक्लास नाय. म्हणले, अभ्रे मी शिवलेत सगळे. मी इथं माझी मिश्री सोडायला बसते अन् ह्या पोरी मला सोबत करतात, गल्लीत हसतील म्हणून लपवलं. मग मंदाचं सांगितलं, लेकीच्या तोंडात मी माझ्या बोटानं घातलं ते. संगीता माझ्याकडं बघतच नव्हती. ती रुपालीच्या हाताकडं बघत होती. मग ब्लाऊजपीस गुंडाळला, पोरीचा हात धरला अन् निघून गेली.

दोन गुरुवार रुपाली नाय. दुकानात नाय, नळावर नाय. त्यांच्या दारात जाऊन विचारावं तर मीच उघडं पाडल्यासारखं. मामा येऊन गेला म्हणून ऐकलं. खरं सांगते ताई, वाटलं आपल्या सरळ शिवणीनं पोरीचा गळा कापला.

मग मंगळवारी भर दुपारी संगीता एकटी आली. तिनंच दार आतून लावलं. कमरेची डबी काढली, मिश्रीची, मशीनच्या फळीवर ठेवली. म्हणली मावशी, पोरीनं मला काय सांगितलं नाय अन् म्या विचारलं बी नाय. मामाला माघारी लावलंय. दर गुरुवारी दोन घंटे मशीन ऐकू येती अन् महिन्यात अभ्रे चार, मला तवाच कळायला पाहिजे होतं. मग खाली बसली, पदर तोंडाला लावला, म्हणली, चालू करा मशीन.

आता मंगळवारी आया, गुरुवारी पोरी. एकत्र नाय बसवत, आईसमोर पोरगी बोलत नाय अन् पोरीसमोर आई. रुपाली परत यायलीय. गोळी सुटली म्हणवत नाय मला, मधी एकदा पाय घसरला तिचा, तिनंच येऊन सांगितलं. अजून बी ती उंबऱ्यात आली की मी आधी तिचे डोळे बघते अन् मग हात. माझी डबी बी पुरती बंद नाय, खोटं कशाला बोलू. आईचा ब्लाऊज तिनं शिवला, दोरा स्वतः ओवून. एक बाही वर, एक खाली. म्या म्हणले दे, उसवून सरळ करते. संगीतानं हात लावू दिला नाय, तसाच घालून गल्लीभर फिरती. सुखी राहू दे बाबा त्यांना. चला, तीन वाजले, पोरी येतील, मला मशीनवर बसायचंय.